बोट क्लबाचे दार उघडण्यापूर्वी



ज्याचे आयुष्य कामगार संघटनेच्या कामात गेले अशा माणसाने वल्हवण्याच्या क्लबाविषयी बोलावे, याचे कित्येकांना नवल वाटेल. ते रास्तच आहे. शर्यतीच्या होडीत आम्ही कधी बसलो नाही. आणि या खेळाचे व कामगाराचे नाते पाहू गेल्यास ते भांडणाचेच अधिक. इंग्लंडात टेम्स नदीवर हेन्ली येथे ज्या प्रसिद्ध शर्यती भरतात, त्यांच्या चालकांनी १८७९ साली ‘हौशी खेळाडू’ कोणाला म्हणावे याची व्याख्या केली आणि तीतून कारागीर व मजूर यांना बाहेर ठेवले. हातांवर पोट असणाऱ्याचे दंड मुळातच बळकट, त्याच्याशी सामना बरोबरीचा कसा होणार, असा त्यामागचा युक्तिवाद होता! ही अट निघायला १९३७ साल उजाडावे लागले. त्याच टेम्सवर नावाडीपणाची उमेदवारी नुकतीच पुरी केलेल्या तरुणांची एक शर्यत मात्र १७१५ पासून चालत आलेली आहे. असो.

तरीही हा विषय घेतला, कारण बोट क्लब म्हणजे एक लहानसा कारखानाच असतो. तेथे पाळ्या असतात, सामाईक हत्यारे असतात, कपडे बदलण्याची कोंदट खोली असते, चहाची जागा असते आणि सर्वांना हुकूम सोडणारा एक मुकादमही असतो. कोरोनाच्या साथीत २०२० साली साऱ्या जगापुढे प्रश्न पडला की, बंद केलेले दार उघडावे कसे? हा प्रश्न बोट क्लबात जितका स्वच्छ दिसतो तितका गिरणीत दिसत नाही. कारण येथे माणसे मोजकी आणि श्वास मोठे. शिवाय आपल्या संगमाजवळ अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या होड्या पाहिल्या नाहीत असा पुणेकर विरळा. २०२१ साली झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये उतरलेली भारताची जोडीही पुण्याच्या लष्करी केंद्रात तयार झालेली होती.

प्रथम श्वासाचा हिशेब करू. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सुमारे ६ ते ८ लिटर हवा आत-बाहेर करतो. जोराने वल्हवू लागला की तोच आकडा शंभरापलीकडे जातो, आणि अव्वल दर्जाच्या खेळाडूंच्या बाबतीत २०० लिटरांच्याही वर गेलेला मोजला आहे. म्हणजे एक आजारी वल्हवणारा हवेच्या हिशेबाने दहा-पंधरा, क्वचित वीस-पंचवीस बसलेल्या माणसांइतका असतो. साथीच्या आरंभी सर्वत्र सांगितले गेले की, खोकल्याबरोबर उडणारे थेंब जड असतात, ते हात-दोन हातांत खाली पडतात. तेव्हा अंतर ठेवा आणि हात धुवा. ते खोटे नव्हते, पण अपुरे होते. श्वासाबरोबर असे सूक्ष्म कणही निघतात की जे खाली न पडता उदबत्तीच्या धुरासारखे खोलीत तरंगत राहतात. जुलै २०२० मध्ये २३९ शास्त्रज्ञांनी एकत्र येऊन हे जाहीरपणे मांडले, तेव्हा कोठे अधिकारी मंडळी याकडे नीट पाहू लागली.

पुरावा तर आधीच समोर होता. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात १० मार्च २०२० रोजी एका गायनवृंदाची अडीच तास तालीम झाली. हजर होते ६१ जण. त्यांतील एकाला सर्दी-तापाची लक्षणे होती. पुढे आणखी ३२ जणांचा आजार तपासणीने सिद्ध झाला, २० जणांचा बहुधा तोच मानला गेला, आणि दोघे दगावले. दक्षिण कोरियात चोनान शहरी नाचाच्या तालावर व्यायाम करवणाऱ्या वर्गांतून ११२ जणांपर्यंत आजार पोहोचला. सुमारे ६० चौरस मीटरची खोली, तीत ५ ते २२ माणसे, आणि ५० मिनिटांचा जोराचा व्यायाम, असा तो प्रकार होता. यातली मौजेची गोष्ट अशी की, बाधा झालेल्या शिक्षकांपैकी एकजण योगासारखे संथ व्यायामही शिकवीत असे. त्या वर्गातील सात-आठ शिष्यांपैकी कोणालाही लागण झाली नाही. आजार तोच, पण श्वासाचा जोर निराळा.

आता नदीवर जाऊ. इंग्लंडात २३ मार्च २०२० रोजी टाळेबंदी जाहीर झाली आणि १३ मे पासून घराबाहेरच्या व्यायामाचे नियम सैल झाले. तेव्हा पहिल्याने पाण्यात उतरली ती एकट्याची होडी, आणि एकाच घरातील दोघे असतील तर दोघांची. यामागे केवळ ‘एकटा बसला म्हणजे सुरक्षित’ एवढाच विचार नाही. एकट्याची होडी सव्वाआठ मीटर लांब असते, पण तिचे वजन १४ किलोच्या आसपास. मांडणीवरून काढणे, खांद्यावर घेणे, धक्क्यावर नेणे, हे सारे एक माणूस दुसऱ्याची मदत न घेता करू शकतो. आठ जणांची होडी याउलट शंभर किलोच्या घरात. ती उचलायला आठ खांदे लागतात, आणि तेही डोके सांभाळून एकमेकांना खेटूनच. म्हणजे जोखीम पाण्यावर सुरू होत नाही, ती होडीघरात सुरू होते. कारखान्यातही आम्ही हेच पाहिले. यंत्राजवळ खुणा आखून माणसे दूर उभी केली जात, आणि पाळी सुटताना फाटकाशी तीच माणसे जत्रेसारखी दाटत.

एकट्याच्या होडीचा एक दुसरा धोका मात्र विसरून चालत नाही. ती फार चंचल असते. शिकाऊ माणूस तीत बसला तर उलटायचाच, आणि मग त्याला वाचवायला दुसऱ्याने जवळ जावे लागणार. म्हणून शहाण्या क्लबांनी आरंभी अशांनाच सोडले की जे उलटले तर आपले आपण वर चढू शकतात. संसर्ग टाळण्याच्या नादात माणूस बुडाला, असे होता कामा नये.

आठांच्या होडीकडे आम्ही जरा अधिक वेळ पाहणार आहोत, कारण तिच्यातला वारा मोठा शिकवणारा आहे. या होडीत वल्हवणारे पाठीच्या दिशेने जातात. त्यांची तोंडे होडीच्या मागच्या टोकाकडे असतात. तेथे सुकाणू धरून ठेका देणारा कॉक्स बसतो, तो एकटाच पुढे पाहतो. म्हणजे आठ तोंडे कॉक्सकडे आणि कॉक्सचे तोंड त्या आठांकडे. हवा पडलेली असेल आणि होडी सेकंदाला चार मीटर वेगाने चालली असेल, तर होडीवरचा वारा पुढच्या टोकाकडून मागे वाहतो. पहिल्याचा उच्छ्वास दुसऱ्याच्या पाठीवर, दुसऱ्याचा तिसऱ्याच्या पाठीवर, असे करीत तो अखेरीस जाऊन पोहोचतो कॉक्सच्या चेहऱ्यावर. संबंध होडीत सर्वांत कमी दमणारा, पण सर्वांत वाईट जागी बसलेला माणूस तो! त्यात तो ओरडतो, म्हणजे समोरच्या गड्यालाही त्याच्यापासून धोका असतोच. वारा समोरून असेल तर फार बिघडत नाही. सारे चटकन पातळ होऊन उडून जाते. पण मागून येणारा वारा होडीच्याच वेगाचा असला म्हणजे घोटाळा. तेव्हा होडीवरची हवा जणू होडीबरोबरच चालते, आणि उघड्या नदीवरही आठ जण आपल्याच श्वासाच्या ढगात वल्हवीत राहतात.

चौघांच्या काही होड्यांत कॉक्स पुढच्या टोकाला, आडवा पडून, समोर पाहत असतो. तेथे ताजा वारा प्रथम त्याला लागतो आणि वल्हवणाऱ्यांच्या पाठी त्याच्याकडे असतात. कॉक्सची होडी काढायचीच तर आधी ही काढावी, आठांची मागाहून. आणि तीत कॉक्सने मास्क लावावा, ध्वनिवर्धकावर हळू बोलावे, ओरडू नये. त्याच्या तोंडापुढचा तो मायक्रोफोन एकाचा दुसऱ्याने घेऊ नये, हे तर सांगायलाच नको.

गडी कोणते बसवावेत, याचाही हिशेब आहे. समजा, क्लबात २४ जण वल्हवणारे आहेत. रोज जो येईल त्याला जागा दिली, तर आठवडाभरात बहुतेक प्रत्येकजण बहुतेक प्रत्येकाबरोबर बसून होतो, आणि एक आजारी निघाला की चोवीसही घरी. पण आठ-आठांच्या तीन ठराविक तुकड्या केल्या, त्यांच्या वेळा निराळ्या ठेवल्या, दोन तुकड्यांमध्ये होडीघर मोकळे राहील एवढी सवड ठेवली, तर घरी बसतील फक्त आठ. बाकीचा क्लब चालू राहतो. यासाठी दाराशी एक वही हवी. कोण आला, केव्हा आला, कोणती होडी नेली, कोणाबरोबर, एवढेच तीत लिहावे.

हवेचा खरा प्रश्न मात्र छपराखाली आहे. वल्हवण्याची व्यायामयंत्रे बहुधा एका लांबट खोलीत ओळीने मांडलेली असतात, आणि पावसाळी दिवशी दारे लावून दहा-बारा जण तेथे घाम गाळतात. चोनानच्या खोलीची ही सख्खी बहीणच म्हणायची. ती यंत्रे उचलून उघड्या पडवीत किंवा होडीघराच्या उघड्या दाराशी आणणे, हा सर्वांत स्वस्त उपाय. ते साधत नसेल तर मोजमाप करावे. इंग्लंडात जुलै २०२० मध्ये व्यायामशाळा उघडताना माणशी १०० चौरस फूट जागा आणि माणशी सेकंदाला २० लिटर ताजी हवा असे प्रमाण घालून दिले होते. हवा मोजण्याचे सोपे साधन म्हणजे कार्बन डायऑक्साइडचा मापक. बाहेरच्या हवेत हा वायू दहा लाखांत ४२० भागांच्या आसपास असतो. व्यायामाच्या खोलीत आकडा ८०० च्या खाली राहिला तर ठीक. तो १५०० च्या वर जाऊन बसला की समजावे, आपण एकमेकांचे उच्छ्वास पुनःपुन्हा घेत आहोत.

आता पुसापुशीविषयी. वल्ह्याच्या मुठी साबणाच्या पाण्याने धुवाव्यात; साबण विषाणूचे स्निग्ध आवरण फोडतो, आणि फोड फुटलेल्या तळहातांसाठी ते एरवीही चांगलेच. पण यातच सारी शक्ती खर्च करणे म्हणजे दाराला कुलूप लावून खिडकी उघडी टाकणे. एखाद्या दूषित पृष्ठभागाला एकदा हात लागल्याने हा आजार होण्याची शक्यता साधारणपणे दहा हजारांत एकाहून कमी, असा निर्वाळा अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने एप्रिल २०२१ मध्ये दिला. आणि माणसांवर औषध फवारणारे ते बोगदे! आमच्या ओळखीच्या एका कारखान्याने असा बोगदा फाटकाशी मोठ्या थाटाने उभारला होता. उपाहारगृहाला मात्र एकच खिडकी, तीही खिळ्यांनी ठोकलेली. असे फवारे माणसांवर मारू नयेत, ते निरुपयोगी आणि अपायकारक आहेत, असे आपल्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने १८ एप्रिल २०२० रोजीच कळवले होते. पण बोगदा दिसतो आणि वारा दिसत नाही, त्याला काय करणार?

त्याच फाटकाशी ताप मोजण्याचे पिस्तूलही होते. लक्षणे दिसण्याच्या आधी एक-दोन दिवस माणूस आजार पसरवू लागतो, ते त्या पिस्तुलाला कळत नाही. आणि ज्याला ताप आहे तो तापाची गोळी घेऊन पाळीवर येतो. का येतो? कारण खाडा झाला की रोजी बुडते. आम्ही अशा माणसांना रागावलो आहोत, आणि रागावून झाल्यावर त्यांच्या घरी चूल कशी पेटेल याचे उत्तर आम्हांलाही देता आलेले नाही. १८९७ च्या प्लेगमध्ये याच पुण्यात लोकांनी रोगी माळ्यावर लपवले, ते घरझडतीच्या आणि छावणीच्या भीतीने. २०२० मध्ये लोकांनी ताप लपवला तो हजेरीपटाच्या भीतीने.

बोट क्लबातला सभासद हौशी असतो. चार दिवस घरी बसला तर त्याचे काही जात नाही. पण होड्या दुरुस्त करणारा, धक्का राखणारा, पगारी शिक्षक, झाडलोट करणारी बाई, यांचे काय? इंग्लंडसारख्या संपन्न देशात २०२० साली कायद्याने मिळणारा आजारपणाचा भत्ता आठवड्याला ९५ पौंड ८५ पेन्स होता, आणि ज्याची आठवड्याची कमाई सरासरी १२० पौंडांहून कमी, त्याला तोही नव्हता. चार ठिकाणी थोडे थोडे काम करून पोट भरणारी माणसे नेमकी याच गाळणीतून खाली पडत. तेव्हा ‘बरे नसेल तर येऊ नका’ अशी पाटी लावणाऱ्या क्लबाने पाटीखाली आणखी एक ओळ लिहावी: ‘पगार कापला जाणार नाही.’ त्या ओळीवाचून वरची ओळ वाचायची ती फक्त सभासदांनी.

बंद इमारतीचेही काही रोग असतात. नळांत आणि शॉवरच्या नळीत महिनोन्‌महिने पाणी साचून राहिले, आणि ते कोमट असले, की त्यात लिजिओनेला नावाचे जंतू वाढतात. शॉवर सोडताच त्यांचा फवारा फुप्फुसात जाऊन जबर न्यूमोनिया होऊ शकतो. म्हणून क्लब उघडण्यापूर्वी सारे नळ बराच वेळ वाहू द्यावेत, आणि तोवर त्या खोलीत कोणी उभे राहू नये. नदीच्या पाण्यातला जुना शत्रू म्हणजे उंदरांच्या मुताने पसरणारा लेप्टो. ब्रिटनचा ऑलिंपिक विजेता वल्हेपटू अँडी होम्स २०१० साली त्यानेच गेला. आणि २००५ च्या जुलैतील महापुरानंतर मुंबईकरांनाही त्याची चांगलीच ओळख झाली. त्याचाही आरंभ ताप आणि अंगदुखी यांनीच होतो. साथीच्या दिवसांत प्रत्येक ताप कोरोनाचाच धरला तर हा मागे राहून जातो; तेव्हा वल्हवणाऱ्याने डॉक्टरांना आपण नदीत पडलो होतो हे आपणहून सांगावे.

झाडलोट करणाऱ्या बाईंची वेळ, ही एक गोष्ट सांगायची राहिली. बहुतेक ठिकाणी ती शेवटची तुकडी गेल्यावर, रात्री दारे लावण्यापूर्वीची असते. म्हणजे दिवसभराच्या श्वासांनी भरलेल्या खोलीत त्या एकट्याच शिरतात. ती वेळ सकाळची करावी. रात्री जाळीच्या खिडक्या उघड्या ठेवाव्यात, बाईंनी पहाटे येऊन आधी दारे सताड उघडावीत आणि मग केरसुणी हाती घ्यावी. आणि दाराच्या त्या वहीत त्यांचेही नाव रोज लिहिले जावे.