टाकाऊ राख, टिकाऊ घर

मुलांनो, पूर्वी घरोघरी चुली होत्या. चुलीतली राख कोणी फेकून देत नसे. तिने भांडी घासत. ती भाजीच्या वाफ्यातही टाकत. आता चुली गेल्या, पण राख गेली नाही. उलट ती खूप वाढली. ही राख येते तरी कोठून?

आपल्या मॉरिशसमध्ये साधारणपणे जून ते डिसेंबर हा उसाचा हंगाम असतो. कारखान्यात ऊस पिळला, की रस निघतो आणि चिपाड उरते. १०० किलो उसापासून सुमारे ३० किलो चिपाड मिळते. ते वीजकेंद्राच्या भट्टीत जाळतात. त्या उष्णतेने पाण्याची वाफ होते. वाफेच्या जोराने यंत्राचे चाक फिरते आणि वीज तयार होते. हंगाम संपला, की चिपाडही संपते. मग जहाजाने आणलेला दगडी कोळसा जाळावा लागतो.

जळल्यावर उरते ती राख. जड राख भट्टीच्या तळाशी पडते. हलकी राख धुराबरोबर वर जाते. तिला 'उडती राख' म्हणतात. ती पिठासारखी बारीक असते. ती हवेत जाऊ नये, म्हणून धुराड्याच्या वाटेवरच यंत्राने अडवतात.

पण ही राख टाकायची कोठे? आपले बेट लहान आहे. उघड्यावर ढीग केला, तर राख वाऱ्याने उडते आणि श्वासावाटे छातीत जाते. पावसाच्या पाण्याबरोबर तिच्यातील हानिकारक द्रव्ये जमिनीत मुरतात.

यावर एक उपाय आहे. त्याचे मूळ फार जुने आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी रोमन लोक ज्वालामुखीची राख चुन्यात मिसळून बांधकाम करत. रोममधील पँथिऑन या मंदिराचा प्रचंड घुमट त्यांनी असाच बांधला. तो आजही उभा आहे!

कोळशाच्या उडत्या राखेतही हाच गुण असतो. नुसते पाणी घातले, तर ती घट्ट होत नाही. चुना आणि पाणी दोन्ही मिळाले, की ती हळूहळू दगडासारखी होते. सिमेंट भिजले, की त्यातून थोडा चुना सुटतो. राख त्या चुन्याशी एकजीव होते आणि काँक्रीटमधील बारीक छिद्रे बुजवते. म्हणून काही सिमेंटऐवजी राख वापरता येते.

मात्र, एक अडचण आहे. पुष्कळदा राखेत न जळलेला कोळसा राहतो. अशी काळी राख काँक्रीटला चालत नाही. मग काय करायचे? राख पुन्हा जाळायची! मॉरिशसच्या दक्षिणेला ला बाराक येथे असा प्रकल्प उभारण्यात आला. तेथे राखेतील उरलेला कोळसा जाळून ती सिमेंटमध्ये मिसळण्याजोगी करण्याची सोय झाली.

भारतातही कोळशावर चालणारी अनेक वीजकेंद्रे आहेत. महाराष्ट्रातील कोराडी आणि चंद्रपूर येथील केंद्रे मोठी आहेत. भारतात राख, वाळू आणि सिमेंट किंवा चुना एकत्र करून, दाबून विटा करतात. त्या भट्टीत भाजाव्या लागत नाहीत. त्यामुळे इंधन वाचते आणि विटांसाठी शेतातील सुपीक माती खणावी लागत नाही.

सिमेंट तयार करताना चुनखडी सुमारे १४५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. त्या वेळी पुष्कळ कार्बन डायऑक्साइड हवेत जातो आणि पृथ्वीचे तापमान वाढते. तापमान वाढले, की समुद्राची पातळीही वाढते. आपण तर बेटावर राहतो! म्हणून सिमेंटची बचत आपल्या फार उपयोगाची आहे.

अर्थात, कोणतीही राख तपासल्याशिवाय वापरत नाहीत. तिच्याजवळ काम करणारे लोक नाकातोंडावर मुखपट्टी बांधतात. नीट काळजी घेतली, तर जी राख काल त्रास देत होती, तीच आज घराची भिंत होते. यालाच म्हणतात टाकाऊतून टिकाऊ!

स्वाध्याय
१. उसाचा हंगाम संपल्यावर वीजकेंद्रात काय जाळतात?
२. राखेचे ढीग उघड्यावर का ठेवू नयेत?
३. काळी राख पुन्हा का जाळतात?
४. तुमच्या घरातील कोणत्या टाकाऊ वस्तू पुन्हा वापरता येतील? यादी करा.