बोली लागते तेव्हा...

मैत्रिणींनो, लिलाव म्हटला की आपल्या नाशिककरांना आठवतो लासलगावचा कांदा! पण टीव्हीवरचा महिला प्रीमियर लीगचा लिलाव एकदा निवांत बसून बघाच. ना चौकार, ना षटकार. तरी मालिकेपेक्षा जास्त उत्कंठा!

खरी गंमत हिशेबात असते. १३ फेब्रुवारी २०२३ ला मुंबईत पहिला लिलाव झाला, तेव्हा पाचही संघांकडे प्रत्येकी १२ कोटी रुपये होते. आपल्या घरखर्चासारखंच की! एकीवर जास्त खर्च केला, की बाकीच्यांसाठी हात आखडता. सांगलीच्या स्मृती मानधनाची बोली ५० लाखांपासून सुरू झाली. मुंबई आणि बंगळुरूची चढाओढ लागली आणि बंगळुरूने तिला ३ कोटी ४० लाखांना घेतलं. बोली पुकारणारीही बाईच, मल्लिका सागर!

पण जास्त धाकधूक होते ती फारशा माहीत नसलेल्या नावांना. धारावीच्या सिमरन शेखला डिसेंबर २०२३ च्या लिलावात कुणीच घेतलं नाही. वर्षभराने पुन्हा तिचं नाव आलं. १० लाखांपासून सुरू झालेली बोली चढत चढत १ कोटी ९० लाखांवर थांबली. गुजरातने घेतलं तिला!

'मुलींचा कसला गं लिलाव?' असं घरात कुणी विचारेलच. त्यांना सांगा, बोली लागते ती तिच्या खेळावर. यादीत नाव तिने स्वतःच दिलेलं असतं आणि पैसेही तिलाच मिळतात.

पुढच्या लिलावाला कागद-पेन्सिल आणि लेकीला घेऊन बसा. आपला संघ आपणच निवडायचा!