वामनदादांचं गाणं अंगावर काटा का आणतं?

बॉब डिलनला 2016 साली साहित्याचं नोबेल मिळालं. गिटार घेऊन स्वतः लिहिणारा, स्वतःच गाणारा माणूस! पण स्वतः लिहायचं, चाल लावायची आणि गावोगाव गात फिरायचं, हे काम आपल्याकडे लोकशाहीर वामनदादा कर्डकांनी साठेक वर्षं केलं, हे हॉस्टेलवर किती जणांना ठाऊक आहे?

वामनदादांचा जन्म 15 ऑगस्ट 1922 चा, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा. मुंबईत कष्ट करताना मोठेपणी अक्षरओळख झाली, दुकानांच्या पाट्या वाचत हा माणूस वाचायला शिकला. 1943 मध्ये पहिलं गाणं लिहिलं. पुढे बाबासाहेबांचा विचार गात राहिले, ते 15 मे 2004 ला डोळे मिटेपर्यंत.

मी त्यांची गाणी पहिल्यांदा नीट ऐकली ती औरंगपुऱ्यात. एम-थ्रीचं जुनं पुस्तक शोधत होतो. त्या दिवशी फुले जयंती, पुतळ्यापाशी ही गर्दी. हार्मोनियम, ढोलकी आणि मागे कोरस. शेजारी भाजीची पिशवी घेतलेले एक बाबा शब्दन् शब्द म्हणत होते आणि डोळे पुसत होते. पुस्तक राहिलं बाजूला.

हे होतं कसं? एक तर चाल बहुतेक वेळा ओळखीची, लोकगीताची नाहीतर सिनेमाची. त्याला नक्कल म्हणून नाक मुरडणारे आहेत, मला ते पटत नाही. चाल शिकावी लागत नाही म्हणून सगळं लक्ष शब्दांवर जातं. शब्दही घरातलेच. मग ध्रुपद. प्रत्येक कडव्यानंतर कोरस ते उचलतो, तिसऱ्या वेळेला आपणही उचलतो आणि गाणं गायकाचं एकट्याचं राहत नाही. बड्या उद्योगपतींची नावं घेऊन 'आमचा वाटा कुठे आहे' असं विचारणारं त्यांचं एक गाणं आहे. ते म्हणताना प्रश्न विचारणारे आपणच असतो!

आपल्या भाषेत सांगायचं तर हा रेझोनन्स. झोक्याला नेमक्या वेळी छोटा धक्का दिला की झोका चढत जातो. पण धक्क्याची लय झोक्याच्या स्वतःच्या लयीशी जुळायला हवी. ती लय आपल्या शहरात आधीपासून आहे. 27 जुलै 1978 ला विधिमंडळात मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला, त्यानंतर गावोगाव दलित वस्त्या जळाल्या, माणसं मारली गेली. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागायला 14 जानेवारी 1994 उजाडलं. साडेपंधरा वर्षं! ज्या घरांनी ती काढली, तिथे ढोलकीची थाप नुसती कानावर पडत नाही. म्हणून तेच गाणं इअरफोनवर ऐकलं तर मला निम्मंच पोचतं.

दरवर्षी 14 जानेवारीला विद्यापीठ गेटवर लोक लोटतात, पुस्तकांचे स्टॉल लागतात, गाणी होतात. संतांच्या अभंगासारखी वामनदादांचीही नाममुद्रा असते, शेवटच्या कडव्यात 'वामन' येतो. दादा गेल्यानंतर जन्मलेली पोरं-पोरी आता माईकवर ते कडवं गातात आणि 'वामन' आला की आवाज चढवतात.