खेळता खेळता बोलणं

तीन वर्षांचं मूल साधारणपणे तीन-चार शब्दांची वाक्यं बोलतं. चौथ्या वर्षी त्याचं बरंचसं बोलणं परक्यांनाही कळतं. 'र'सारखे उच्चार मात्र उशिरा स्थिरावतात. मूल 'कुत्ला पलाला' म्हणालं, तर 'नीट बोल' असं टोकण्यापेक्षा 'हो, काळा कुत्रा पळाला!' असं उत्तर द्यावं. त्याला बरोबर उच्चार ऐकू येतो, वाक्य वाढतं आणि बोलण्याचा उत्साहही टिकतो. घरच्या सगळ्या उपायांत हा सर्वांत मोलाचा.

बडबडगीत म्हणताना ओळीचा शेवटचा शब्द मुलासाठी सोडावा आणि निवांत थांबावं. मोठ्यांना हे थांबणंच जड जातं. चिऊ-काऊच्या गोष्टीत तेच संवाद पुन्हा पुन्हा येतात, त्यामुळे मूल चिऊ होऊन सहज बोलू लागतं. भातुकलीत दुकानदार-गिऱ्हाईक व्हावं, भाजी निवडताना 'ही मऊ की खरखरीत?' विचारावं. फुगे फुगवणं, फुंकर मारणं मजेचं खरं, पण त्यानं उच्चार सुधारतात याला भक्कम आधार नाही.

घरात दोन भाषा असल्यानं वाचादोष होत नाही. मायबोली सोडू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019च्या शिफारशीनुसार या वयात बसून स्क्रीन पाहण्याचा वेळ दिवसाला एक तासाहून जास्त नसावा.

तिसऱ्या वर्षीही घरच्यांनाच बोलणं कळत नसेल किंवा येत असलेले शब्द गळू लागले, तर थांबू नये. आधी श्रवणचाचणी, मग वाचोपचारतज्ज्ञ. मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत दोन्ही सोयी आहेत.