पाठ-कूस दुखतेय, पण रिपोर्ट नॉर्मल; मग करायचं काय?

डाळज (ता. इंदापूर) : सोनोग्राफी झाली, रक्त-लघवी तपासली, एक्स-रे काढला. सगळं नॉर्मल. तरी पाठ दुखायची थांबत नाही आणि कुशीतली कळ जात नाही. डाळज, पळसदेव, भिगवण पट्ट्यात ऊस आणि दुभती जनावरं असलेल्या घरांत असं दुखणं नवं नाही. "किडनी तर गेली नसेल?" ही धास्ती एकीकडे, तर "रिपोर्टमध्ये काही नाही, म्हणजे सोंग आहे" हे बोलणं दुसरीकडे. मग इंदापूर झालं की बारामती, बारामती झाली की पुणे अशी फिरती सुरू होते. पैसा जातो, दुखणं मात्र तिथंच राहतं.

नॉर्मल रिपोर्टचा अर्थ दुखणं खोटं आहे असा नसतो. तपासणीत जे धोकादायक आजार शोधले, ते सापडले नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. ही खरं तर चांगली बातमी असते. पुढचा उपाय मात्र वेगळा करावा लागतो.

भिगवणच्या पाहणीत काय दिसलं?

दुखण्याच्या अभ्यासात शेजारच्या भिगवणचं नाव परदेशातल्या डॉक्टरांनाही माहीत आहे. पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पथकाने १९९६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेशी जोडलेल्या 'कॉपकॉर्ड' कार्यक्रमात भिगवणला घरोघरी जाऊन पाहणी केली. चार हजारांवर प्रौढांची माहिती घेतली गेली. त्यात जवळपास १८ टक्के लोकांना हाडं, सांधे किंवा स्नायूंचं दुखणं होतं. गुडघे आणि कंबर यात पुढे होते. आमवातासारखा नाव असलेला आजार थोड्यांनाच निघाला. स्नायू-शिरांचं आणि नेमकं नाव न देता येणारं दुखणंच मोठ्या प्रमाणात होतं.

जगभरही असंच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार २०२० मध्ये सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती. त्यातल्या सुमारे ९० टक्के दुखण्यामागे एक ठराविक आजार दाखवता येत नाही.

मशिनला का दिसत नाही?

सोनोग्राफीत मुतखडा, किडनीची सूज दिसते. एक्स-रेत हाड दिसतं. पण आखडलेला स्नायू, बरगड्यांमधली चिडलेली शीर या गोष्टी त्यात उमटत नाहीत. छातीच्या खालच्या भागातल्या मणक्यांच्या सांध्यांचं दुखणं तर कंबरेच्या बाजूला किंवा कुशीत जाणवतं. माणूस कूस धरतो, मूळ मात्र पाठीत असतं.

दुसरं कारण मज्जातंतूंचं. विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर मोटार जळू नये म्हणून ट्रिप होतो. पण रिले फार नाजूक सेट झाला, तर मोटार धडधाकट असूनही जरासं व्होल्टेज हललं की ट्रिप. तीन महिन्यांपेक्षा जास्त चाललेल्या दुखण्यात शरीराची दुखण्याची यंत्रणा अशीच हळवी होऊ शकते. अपुरी झोप, कर्जाची काळजी, घरातला ताण यांनी ती आणखी हळवी होते. दुखणं मनाचं खेळ नसतं, पण मनावरच्या ओझ्याने ते वाढतं.

'मणक्यात गॅप' ऐकून घाबरू नका

एमआरआयमध्ये काहीतरी निघतंच. काहीही दुखत नसलेल्या ३ हजारांवर लोकांच्या तपासण्यांचा आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. तिशीतल्या ५२ टक्के आणि पन्नाशीतल्या ८० टक्के लोकांच्या मणक्यातल्या गाद्या झिजलेल्या दिसल्या. म्हणजे गादीची झीज पुष्कळदा केस पिकण्यासारखी असते. 'गॅप' दिसला म्हणून दुखणं त्याचंच, असं नाही. म्हणून धोक्याची लक्षणं नसतील तर स्वतःहून एमआरआयचा आग्रह धरू नये.

खडा की स्नायू?

मुतखड्याची कळ लाटेसारखी येते, कुशीतून जांघेकडे उतरते. माणसाला एका जागी बसवत नाही, मळमळतं, लघवीत रक्त येऊ शकतं. स्नायूचं दुखणं वाकताना, वळताना, ओझं उचलताना वाढतं आणि ठराविक जागी दाबलं की दुखतं. हा फक्त अंदाज आहे. लहान खडा सोनोग्राफीत चुकू शकतो, त्यामुळे अशी कळ परत आली तर डॉक्टरांना जरूर सांगावं. एकाच बाजूला आग होऊन दोन-चार दिवसांत पुरळ उठलं, तर ती नागीण असू शकते. त्याचं औषध लवकर सुरू करावं लागतं.

हे दिसलं तर थांबू नका

- लघवी अडणे, लघवी-संडासवरचा ताबा जाणे, बसायची जागा बधिर होणे, पायातली ताकद जाणे : त्याच दिवशी मोठं रुग्णालय, गरज पडल्यास १०८ला फोन.
- थंडी-तापासह कूस दुखणे, लघवीत रक्त.
- कारण नसताना वजन घटणे, रात्री घाम, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं. मणक्याचा क्षयरोगही असा सुरू होतो.
- पडल्यानंतर किंवा अपघातानंतरचं दुखणं. आधी कॅन्सर झाला असेल तर नवं पाठदुखणं.
- दमल्यावर किंवा चालताना येणारी आणि छातीत, डाव्या हातात जाणारी कळ.

गोठ्यात काम करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट डॉक्टरांना सांगावी. ताप येतो-जातो, घाम सुटतो, कंबर-सांधे दुखतात आणि गोठ्यात गाय किंवा म्हैस गाभडली असेल, किंवा कच्चं दूध पिण्यात असेल, तर ब्रुसेलोसिसची रक्ततपासणी लागू शकते. ती नेहमीच्या तपासण्यांत नसते.

मग उपाय काय?

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुन्या कंबरदुखीसाठी मार्गदर्शन दिलं. समजावून सांगणं, व्यायाम, मालिशसारखे उपचार, मनाचा ताण हलका करणारे उपचार यांवर त्यात भर आहे. कंबरेचा पट्टा, वजन लावून ओढणं यांचा नेहमीसाठी वापर नको, असंही सांगितलं आहे.

*चालणं.* ऑस्ट्रेलियात ७०१ लोकांवर अभ्यास झाला, तो २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. कंबरदुखीतून बरे झालेल्यांना मार्गदर्शन देऊन हळूहळू चालणं वाढवायला लावलं. त्यांचं दुखणं परत यायला साधारण २०८ दिवस लागले, असं मार्गदर्शन न मिळालेल्यांचं साधारण ११२ दिवसांत परतलं. सुरुवात सपाट रस्त्यावर १० मिनिटांनी करा. आठवड्याला पाच मिनिटं वाढवत अर्ध्या तासापर्यंत जा. "शेतात दिवसभर चालतोच की" हे वेगळं. ओणव्याने काम आणि मोकळं चालणं पाठीला सारखं नसतं.

*काम वाटून घेणं.* खुरपताना अर्ध्या तासाने उठून पाठ मागे ताणा. १६ लिटरचा फवारणी पंप अर्धाच भरा. वैरणीचा मोठा भारा एकदम न उचलता दोन खेपा करा. बरं वाटलं त्या दिवशी सगळं काम उरकायचं आणि मग तीन दिवस झोपून काढायचे, यात दुखणं लांबतं. पूर्ण आरामही नको.

*शेक आणि झोप.* गरम पाण्याचा शेक १५-२० मिनिटं चालतो. कुशीवर झोपताना गुडघ्यांमध्ये उशी ठेवा. बिब्बा लावणं, डाग देणं टाळा. त्याने कातडी जळते, दुखणं जात नाही.

*गोळ्या-इंजेक्शन.* डॉक्टरांनी थोड्या दिवसांसाठी दिलेली वेदनाशामक गोळी ठीक. पण मेडिकलमधून स्वतःहून डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या महिनोन्‌महिने घेतल्या, तर पोटात अल्सर आणि किडनीला इजा होऊ शकते. बीपी, शुगरवाल्यांना धोका जास्त. किडनीच्या भीतीने घेतलेली गोळीच किडनीवर येऊ नये.

डॉक्टर एकच, वही एकच

सगळे रिपोर्ट एका पिशवीत ठेवा आणि एकाच डॉक्टरांकडे जात राहा. दोन आठवडे वहीत लिहा : दुखणं कधी वाढलं, त्याआधी काय काम केलं, झोप किती झाली, ताप-लघवीचा त्रास होता का. डॉक्टरांना "अजून कोणती टेस्ट?" विचारण्याआधी "कोणता आजार नाही हे नक्की झालं आणि परत कधी दाखवू?" हे विचारा. सहा आठवड्यांत फरक नाही किंवा लक्षणं बदलली, तर पुन्हा तपासून घ्या. झोप उडाली, मन खचलं, तर टेली-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोलता येतं.

घरच्यांचं कामही यात आहे. सुनेची पाठ दुखत असेल, तर "रिपोर्ट नॉर्मल आहे ना" म्हणून पाण्याचा हंडा तिच्याच डोक्यावर देऊ नये. तिला खाटेवरच बसवून ठेवायची गरज नाही. एक हंडा दुसऱ्याने उचलावा आणि संध्याकाळी तिच्यासोबत चार पावलं चालावं.