फूड प्रोसेसर निवडताना

फूड प्रोसेसर आणि मिक्सर यांची कामे वेगळी. प्रोसेसरच्या रुंद भांड्यात पाणी न घालता कांदा चिरता येतो, गाजर किसता येते, कणीक मळता येते. ओल्या खोबऱ्याचे गुळगुळीत वाटण मात्र मिक्सरच्या अरुंद भांड्यातच चांगले होते. म्हणून दोन्ही भांडी एकाच मोटरवर चालवणारे यंत्र मराठी स्वयंपाकघराला सोयीचे. त्यासाठी साधारण ७५० ते १००० वॅटची मोटर पुरते. खरी कसोटी कणकेची: घट्ट गोळा फिरताना मोटर अडता कामा नये. जास्त भार पडताच वीज तोडणारे बटण, झाकण नीट बसल्याशिवाय सुरू न होणारी रचना आणि आयएसआय चिन्ह पाहून घ्यावे. सुटी पाती व झाकणाचे रबर जवळपास मिळते का, हेही आधीच विचारावे.