प्रारंभिक मानसशास्त्राची परीक्षा: गैरसमज आणि वस्तुस्थिती

मानसशास्त्र म्हणजे माणसांविषयीचे व्यवहारज्ञानच, तेव्हा त्याच्या प्रारंभिक परीक्षेसाठी फारसे वाचावे लागत नाही, हा समज विद्यार्थ्यांत सर्रास आढळतो. वस्तुतः हेच व्यवहारज्ञान परीक्षेत अनेकदा आडवे येते. बहुपर्यायी प्रश्नांनी केवळ पाठांतर तपासले जाते, हा आक्षेपही सरसकट खरा नाही. उदाहरणार्थ, एखादे वर्तन पुन्हा घडण्याची शक्यता वाढवणाऱ्या परिणामाला प्रबलन म्हणतात आणि नकोशी गोष्ट दूर झाल्याने ही शक्यता वाढली, तर ते ऋण प्रबलन ठरते. मोटारीत वाजत राहणारी सूचना पट्टा बांधताच थांबते आणि त्यामुळे पट्टा बांधण्याची सवय दृढ होते, हे ऋण प्रबलन. दंडाची पावती हाती पडल्यावर विनापट्टा गाडी चालवणे कमी झाले, तर ती शिक्षा. व्याख्या तोंडपाठ असूनही हे दोन प्रसंग समोर ठेवले की अनेक विद्यार्थी दोन्हींना शिक्षाच म्हणतात, आणि प्रश्न चांगला रचलेला असेल तर त्यातील चुकीचे पर्याय नेमक्या याच गोंधळातून घेतलेले असतात.

अर्थात परीक्षकाचीही चूक होऊ शकते. इव्हा व्हॉन यांनी 1977 मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत मानसशास्त्राविषयीची 80 विधाने होती आणि ती सर्वच्या सर्व असत्य होती. त्यामुळे ज्याचा कल मुळातच होकाराकडे असतो, असा विद्यार्थी आहे त्याहून अधिक अज्ञानी दिसण्याचा धोका त्या रचनेतच होता.

पहिले सुचलेले उत्तर बदलू नये, हा सल्ला तर शिक्षकही देतात. क्रूगर, विर्ट्झ आणि मिलर यांनी 2005 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात इलिनॉय विद्यापीठातील प्रारंभिक मानसशास्त्राच्या 1,500 हून अधिक उत्तरपत्रिकांवरील खाडाखोड तपासली, तेव्हा बदललेल्या उत्तरांपैकी 51 टक्के चुकीची बरोबर झाली होती, 25 टक्के बरोबरची चुकली होती आणि उरलेली चुकीचीच राहिली होती. तरीही हा समज टिकून राहतो, कारण हाती असलेले बरोबर उत्तर खोडून गमावलेला गुण जितका जिव्हारी लागतो, तितका न बदलल्यामुळे हुकलेला गुण लागत नाही.

सर्वांत खोलवर रुजलेला समज असा, की परीक्षा ज्ञान मोजते, वाढवत नाही. रोडिगर आणि कार्पिक यांनी 2006 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी एक गद्य उतारा दोनदा वाचला, तर दुसरा एकदाच वाचून आठवून लिहिला. पाच मिनिटांनी दोनदा वाचलेल्या उताऱ्याचा 81 टक्के आणि आठवून लिहिलेल्या उताऱ्याचा 75 टक्के मजकूर सांगता आला. आठवड्यानंतर मात्र हेच प्रमाण अनुक्रमे 42 आणि 56 टक्के झाले. स्मृतीतून माहिती बाहेर काढण्याच्या श्रमानेच ती अधिक टिकते, या परिणामाला चाचणी-परिणाम म्हणतात. रात्रभर पुस्तक पुन्हापुन्हा वाचण्याची सवय तरीही का सुटत नाही, याचा उलगडा त्याच संशोधनातील दुसऱ्या प्रयोगात होतो: आठवड्यानंतर किती आठवेल, असे विचारले असता सर्वाधिक भरवसा केवळ वाचत राहिलेल्या गटाला होता, आणि प्रत्यक्षात सर्वांत कमी त्यालाच आठवले.